आजीचं बंद पडलेलं पायमशीन पुन्हा चालेल का? त्यावर घरचे कपडे शिवता येतील?

बहुतेक वेळा चालतं. बिडाचं अंग असेल तर सहसा ते मेलेलं नसतं, फक्त जाम झालेलं असतं. आमच्या परभणीकडच्या घरात माळ्यावर पडलेलं असंच एक होतं, चाक हलेना. कारण काय, तर कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलेलं. ते सुकून डिंकासारखं चिकटतं, त्यात आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा! चाकाला जोर लावू नका. सांध्यांत थेंब थेंब रॉकेल सोडा, रात्रभर मुरू द्या, चाक हलकेच मागंपुढं करा. काळा चिकटा पुसून काढला की मशीनचंच पातळ तेल घाला. शटल (सुईखालचा भाग, ज्यात खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते) काढून त्यातला अडकलेला दोरा आणि कापसाची लव साफ करा, निम्मं दुखणं तिथंच असतं. चामड्याचा पट्टा ढिला पडला असेल तर थोडा कापून पुन्हा आकडा लावायचा.

सुई मात्र नवीनच घ्या. सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिनला दोष देऊ नका, आधी वरचा दोरा नीट ओवलाय का ते बघा.

सुरुवात उशीच्या अभ्र्यापासून करा, मग परकर, झबलं. ब्लाउजच्या बाह्या लगेच नकोत. टीप सरळच पडते, झिगझॅग नाही, त्यामुळं कडा दुमडून शिवा. जाड गोधडी मशीनवर नकोच, ती हातानंच बरी.