गेटवर लाइट लावायचाय, परवानगी लागते का?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं, वायरिंग तेव्हाचंच आहे. गेटच्या खांबांवर दोन, ओटल्यावर एक आणि मागे बोरिंगपाशी एक असे चार लाइट लावायचेत. मिस्त्री म्हणतो परवानगी-बिरवानगी काही लागत नाही, आतल्या बोर्डातून वायर ओढून संध्याकाळपर्यंत करून देतो. आमचे हे म्हणतात थांब, आधी विचारून घे. शेजारच्या काकूंना वाटतं त्यांच्या खोलीत उजेड येईल. काय करू?

उत्तर: ताई, नगर निगमचं म्हणाल तर मिस्त्री खोटं बोलत नाहीये, आपल्याच भिंतीवर, आपल्याच हद्दीत लाइट लावायला नकाशा पास करावा लागत नाही, फक्त खांब किंवा ब्रॅकेट रस्त्यावर नको. पण विजेचा नियम वेगळा आहे आणि तो मिस्त्री सांगत नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत (२०१० चे होते, आता २०२३ चे लागू आहेत) लिहिलंय की आहे तिथलाच बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायचा तर आपण बदलू शकतो, पण नवीन पॉइंट काढणं, लाइन वाढवणं हे काम सरकारी लायसन्स असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. तुमचं काम हे दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून मिस्त्रीला आधी विचारा, तू कोणाच्या लायसन्सवर काम करतोस, आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या.

मला खरी काळजी तुमच्या गेटची वाटते. लोखंडी गेट, पावसाळ्यात ओली जमीन, अनवाणी मुलं, आणि खांबावरच्या लाइटची वायर गेटच्या बिजागरीजवळून नेलेली असेल तर रोज उघडझाप होऊन ती घासते, एक दिवस तांबं उघडं पडतं आणि अख्ख्या गेटमध्ये करंट उतरतो. असे अपघात होतात हो, आणि एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) त्यात वाचवत नाही, ती ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडते, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या एवढ्याशा करंटला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) लागते, बाहेरच्या लाइनवर ती हवीच, आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण मधूनमधून दाबून बघायचं, दाबल्यावर पडली नाही तर बदलायची.

त्याच्याही आधी अर्थिंग बघा. जुन्या घरांत पुष्कळदा दोनच वायरी असतात, तिसरी हिरवी नसतेच, आणि मग काही जण अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून देतात, ते अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल कुठे तुटला तर लाइटची धातूची बॉडीच करंट मारेल. पाण्याच्या पाइपालाही नको, हल्ली मधे कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा निघतोच. अर्थिंग नवी करायची नसेल तर गेटला १२ व्होल्टचे लाइट घ्या, त्यांचा ड्रायव्हर (घरातल्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) मात्र घराच्या आत कोरड्या जागी बसवा.

महाराणी रोडला लाइट घ्यायला जाल तेव्हा डब्यावर आयपी नंबर बघा, दुकानदार नुसतं वॉटरप्रूफ म्हणाला तर तेवढ्यावर जाऊ नका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ओटल्यावर छपराखाली आयपी ४४ चालेल, उघड्यावर, गेटवर आणि बोरिंगपाशी ६५. आणि ६५ चा लाइट घेऊन मागे वायरीचा जोड नुसती टेप गुंडाळून सोडला तर त्या नंबराचा उपयोग शून्य, जोड बंद जंक्शन बॉक्समध्येच हवा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायला सांगा, आणि वायर भोकात शिरायच्या आधी खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोलाच्या टोकाला खाली टपकतं. बोरिंगपर्यंत वायर जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल घ्या आणि खोल पुरा, भारतीय मानकात पाऊण मीटर सांगितलंय, कुदळीच्या पहिल्या घावाला लागेल अशी वर ठेवू नका.

काकूंचं म्हणणं बरोबर आहे. उजेड खाली पडेल असे वरून झाकलेले लाइट घ्या, पिवळसर ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, पावसाळ्यात किडेही कमी येतात. लावायच्या आधी रात्री एकदा हातात धरून काकूंच्या खिडकीतून बघा, मगच भोकं पाडा.

प्रश्न: आमच्या वरच्या गॅलरीसमोरून विजेची लाइन जाते. दिवाळीत तिथून समोरच्या खांबापर्यंत लाइटची झालर बांधू का? (लोकमान्य नगर)

उत्तर: नाही, बिलकुल नको. खांब वीज कंपनीचा, त्याला काही बांधायचं नसतं. साध्या एलटी (कमी दाबाच्या) लाइनपासून इमारत आडवी १.२ मीटर आणि लाइन वरून जात असेल तर उभी २.५ मीटर दूर हवी, ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. तुमची गॅलरी यापेक्षा जवळ असेल तर झालर राहू दे, तिथे ॲल्युमिनियमची शिडी किंवा लांब सळई घेऊन कोणालाही उभं राहू देऊ नका, आणि १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवा.