‘कायद्याचे राज्य’ की ‘कायद्याने राज्य’?

परभणीच्या एका विधी-विद्यार्थिनीने विचारले आहे की, तिच्या टिपणांत हे दोन्ही प्रयोग एकाच अर्थाने आले आहेत, तर ते समानार्थी मानावेत काय.

मानू नयेत. घोळ षष्ठीमुळे होतो. ‘ज्वारीची भाकरी’ यातली षष्ठी भाकरी कशाची केली ते सांगते, तर ‘निजामाचे राज्य’ यातली षष्ठी धनी कोण ते सांगते. ‘कायद्याचे राज्य’ हा प्रयोग दुसऱ्या जातीचा आहे. तिथे कायदा धनी असतो आणि राज्यकर्ताही त्याच्या हाताखाली येतो. पुष्कळ जण तो नकळत भाकरीसारखा वाचतात आणि जिथे कायदे भरपूर तिथे कायद्याचे राज्य, असे समजतात. ‘कायद्याने राज्य’ यात करणाची तृतीया आहे: विळ्याने गवत कापावे तसा कायदा हे हत्यार, आणि ते धरणारा हात वेगळा.

निजामी राजवटीत कायद्यांची वाण कधीच नव्हती. फर्माने निघत, जरीद्यात (सरकारी राजपत्रात) छापली जात. सभेला आधी परवानगी घ्यायला लावणारी ‘गश्ती नंबर ५३’ होती (गश्ती म्हणजे परिपत्रक). १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली. फर्मान काढणाऱ्याला जाब विचारील असा कायदा तेवढा नव्हता.

मतपेटीतून आलेले सरकारही तृतीयेकडे घसरते. हंगेरीत २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या आघाडीला संसदेत दोन तृतीयांश बहुमत मिळाले. पुढे न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणून ज्येष्ठांना एकदम घरी बसवण्याची सोय झाली, आणि तीही रीतसर कायदा करून. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये हा बदल वयावरून भेदभाव करणारा ठरवला. ‘आम्हाला जनतेने निवडले, न्यायालय अडवणारे कोण?’ असे विचारणारा लोकानुनयी नेता षष्ठीतला धनीच बदलत असतो: कायद्याच्या जागी जनता येते आणि जनतेच्या नावाने तो स्वतः. (‘लोकानुनय’ हा शब्द मला तोकडा वाटतो, कारण अनुनयात मनधरणी आहे, ‘लोक म्हणजे मीच’ हा दावा नाही, पण वर्तमानपत्रांत तोच रुळला आहे.)

उत्तरपत्रिकेत दुसऱ्या अर्थासाठी ‘कायद्याद्वारे राज्य’ लिहावे, म्हणजे तपासणाऱ्याला शंका राहणार नाही. ‘कायदा व सुव्यवस्था’ हा शब्दप्रयोग मात्र या दोहोंपैकी कशासाठीही वापरू नये. तो पोलीस बंदोबस्ताचा विषय आहे.