उंदीर गेले, पक्षी कधी येणार?

जहाजांतून आलेले उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात, म्हणून बेटांवरून त्यांना हटवतात. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट मे 2018 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, असं मागच्या अंकात आलं होतं. त्यावर ठाणे, नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेले हे प्रश्न.

आमच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं. महिनाभर बरं, मग उंदीर पुन्हा हजर. मग अख्ख्या बेटावरचे कसे संपले? (ऐरोली)

तुमच्या कंपाउंडला लागून नाला असेल, पलीकडे दुसरी सोसायटी. रिकामी बिळं शेजारचे उंदीर भरतात. बेटाला शेजार नसतो, एवढाच काय तो फायदा. पण तिथे नव्याण्णव टक्के मारून भागत नाही. एक गाभण मादी उरली, तर तीन आठवड्यांत सात-आठ पिल्लं आणि खर्च पाण्यात.

विष वापरतात ते ब्रोडिफॅकम, किलोभर गोळ्यांत 20 ते 25 मिलिग्रॅम. ते रक्त गोठू देत नाही, पण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तोवर उंदराने पोटभर खाल्लेलं असतं. दुकानातल्या काळ्या पुडीचं, म्हणजे झिंक फॉस्फाइडचं, तसं नाही. चाखल्यावर लगेच त्रास होतो आणि वाचलेला उंदीर पुन्हा तोंड लावत नाही.

गोळ्या हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या पसरणीतून (गोळ्या विखुरणाऱ्या बादलीतून) टाकतात. जीपीएसवर रेघा आखून, एका पट्ट्यावर दुसरा थोडा चढवून. पट्ट्यांमध्ये फट राहिली आणि तेवढ्यातच एखाद्या उंदराचा वावर असला, तर तो वाचला. काही दिवसांनी दुसरी फेरी असते, कारण पहिल्या वेळी अंगावर पिणारी पिल्लं बिळातच असतात. साउथ जॉर्जियावर असे सुमारे 300 टन आमिष लागलं. काम 2011, 2013 आणि 2015 अशा तीन हंगामांत झालं. ते तुकड्यांत जमलं, कारण बर्फनद्यांमुळे बेटाचे आपोआप वेगळे कप्पे पडले होते आणि उंदरांना बर्फ ओलांडता येत नव्हता. बर्फनद्या मागे हटत होत्या, म्हणून घाईही होती.

उष्ण बेटांवर वेगळीच कटकट. पॅसिफिकमधल्या पाल्मायरावर (2011) जमिनीवरचे खेकडेच गोळ्या फस्त करत. खेकड्यांना हे विष बाधत नाही, त्यामुळे त्यांचा वाटा धरून जास्त आमिष टाकावं लागलं. उंदीर माडाच्या शेंड्यातही राहतात, तेव्हा तिथेही टाकावं लागलं.

हे विष पक्ष्यांना लागत नाही का? (वाशी)

लागतं. मेलेले उंदीर-ससे खाणारे स्कुआ, गल आणि जायंट पेट्रेल हे समुद्रपक्षी मरतात. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वॉरी बेटावर उंदरांबरोबर ससेही काढायचे होते. 2010 मध्ये तिथलं काम खराब हवेमुळे अर्धवट थांबलं, तेव्हा असे बरेच पक्षी गेले. पुढच्या वर्षी आधी सशांमध्ये विषाणू सोडून त्यांची संख्या उतरवली आणि विष टाकल्यावर माणसं लावून मेलेली जनावरं उचलली. कॅलिफोर्नियाच्या अनाकापावर तर मूळचे डिअर माउस (तिथलेच छोटे उंदीर) पिंजऱ्यात सांभाळून नंतर परत सोडले.

विषाऐवजी मांजरं सोडली तर? (खारघर)

कृपा करून नको! दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरिअन बेटावर 1949 मध्ये पाच मांजरं नेली, ती उंदरांसाठीच. पुढे त्यांची हजारोंनी पैदास झाली आणि वर्षाला लाखो पेट्रेल त्यांच्या तोंडी गेले. 1991 पर्यंत मांजरं संपवली, तर आता तिथले घरउंदीर अल्बट्रॉसची जिवंत पिल्लं कुरतडतात. क्रमही बघावा लागतो. न्यूझीलंडच्या लिटल बॅरिअरवर 1980 मध्ये मांजरं संपली, त्यावर उंदीर मोकाट सुटले आणि कुक्स पेट्रेलची पिल्लं जगण्याचं प्रमाण उलट घसरलं. 2004 मध्ये उंदीर गेले तेव्हा कुठे ते सुधारलं.

उंदीर गेल्यावर पक्षी किती वर्षांनी येतात? (ठाणे पश्चिम)

इंग्लंडच्या लंडी बेटावर 2002 ते 2004 मध्ये उंदीर काढले. मँक्स शीअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या जोड्या 2001 मध्ये सुमारे 300 होत्या, 2023 मध्ये 12 हजारांवर गेल्या. हा वेग चांगलाच म्हणायचा. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि पहिल्या विणीला पाच-सहा वर्षं घेतो. जवळ वेल्समधल्या स्कोमर बेटासारखी भरलेली वसाहत होती, तिथलेही पक्षी आले असणार.

बेट पूर्ण रिकामं झालं असेल तर मात्र कोणी आपणहून फिरकत नाही, कारण पेट्रेल जन्मलेल्या जागीच परततात. मग सौर पॅनेलवर चालणारे स्पीकर लावून रात्री त्यांच्या वसाहतीचा आवाज वाजवतात (पेट्रेल रात्रीच किनाऱ्यावर येतात), लाकडी बिळं पुरतात. सुरय (टर्न) पक्ष्यांसाठी आवाजाबरोबर रंगवलेले पुतळे मांडतात.

मे महिन्यात वेंगुर्ल्याला जातो. तिथल्या खडकांवर सुरय अंडी घालतात म्हणे. आम्ही काय काळजी घ्यावी? (बेलापूर)

खडकांवर उतरू नका. आणि बोट सुटण्याआधी जाळी, पोती, बर्फाच्या पेट्या झटकून पाहा, खाण्याचे डबे झाकणाचेच न्या. रात्री बोट धक्क्याला बांधली असेल तर दोरावर पत्र्याची चकती हवी, उंदीर दोरावरूनच चढतो. एकाने काय होतंय, असं वाटेल. न्यूझीलंडमध्ये 2004 मध्ये संशोधकांनी मुद्दाम एकच उंदीर एका बेटावर सोडला. तो 400 मीटर पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि सापळे, कुत्रे सगळं लावूनही त्याला पकडायला 18 आठवडे लागले.