आई बाथरूममध्ये पडली, टाइल्स बदलू का? माझं मत: आधी टाइल्सवाल्याला थांबवा

तुम्ही लिहिलंय की आई वय 74, गेल्या आठवड्यात पहाटे बाथरूममध्ये पडल्या, कपाळाला चार टाके, दोन रात्री अ‍ॅडमिट, आणि आता अँटीस्किड टाइल्सचं 48 हजारांचं कोटेशन हातात आहे, तर बसवू का. नका बसवू, निदान आत्ता तरी नको.

मी 27 वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टी आणि ऑर्थो वॉर्डात गेली. केसपेपरवर "बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या" एवढंच असायचं, कारण घेऊन येणारा मुलगा तेवढंच सांगायचा, आणि तो बिचारा तेव्हा झोपलेलाच असायचा ना. खरी गोष्ट रात्री बेडपॅन देताना कळायची. "अगं घसरले कुठली, उठले आणि डोळ्यापुढं अंधारीच आली" असं सांगणाऱ्या आज्या मी किती बघितल्या असतील. म्हणजे पडणं बाथरूममध्ये, पण सुरुवात पलंगावर.

आईंना बीपीची गोळी आहे का? झोपेची? लघवी जास्त होण्याची गोळी कोणी संध्याकाळी तर देत नाही ना? या गोळ्यांनी आडवं असताना ठीक असलेलं बीपी उभं राहिल्यावर एकदम खाली येऊ शकतं, आणि लघवीची गोळी रात्री घेतली की दोन-तीनदा उठणं आलंच. डॉक्टरांना सांगा की झोपवून एकदा आणि उभं केल्यावर तीन मिनिटांत परत बीपी बघा, वरचं 20 किंवा जास्त उतरलं तर ते गोळ्यांची वेळ नाहीतर डोस बदलतील. तुम्ही मनाने एकही गोळी बंद करायची नाही. आणि आईंना सवय लावा, उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं.

आता पलंग ते संडास हा रस्ता स्वतः रात्री दिवा न लावता चालून बघा. आपल्या बायका दिवा लावत नाहीत, का तर बाकीच्यांची झोपमोड नको. वाटेत दुमडलेलं पायपुसणं, चार्जरची वायर, बाथरूमचा उंबरा, त्यात लोळणारा गाऊन आणि झिजलेली स्लीपर. सेन्सरवाला छोटा दिवा काही शे रुपयात येतो, 48 हजार लागत नाहीत.

आमच्या घरचंच सांगते. सासरे कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांडीला धरून उठायचे, मी नर्स असून रोज बघत होते आणि मला काही वाटलं नाही. एके दिवशी दांडी स्क्रूसकट हातात आली. ते पडले ते नेमके दाराला टेकून, दार आत उघडणारं, आतून कडी. आतून कण्हण्याचा आवाज येतोय आणि आम्ही बाहेरून ढकलतोय, म्हणजे त्यांच्याच मोडलेल्या पायावर ढकलतोय. शेवटी शेजारचा कॉलेजचा सडपातळ पोरगा व्हेंटिलेटरच्या काचा काढून आत उतरला, चाळीस मिनिटं गेली. खुब्याचं हाड मोडलेलं, अर्धा सांधा बदलला. नंतर सुताराला बोलावून दार बाहेर उघडेल असं केलं, कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक बसवलं, आणि कमोडशेजारी भिंतीत नीट फास्टनर ठोकून ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा पक्का दांडा. (व्हॅक्यूमने चिकटणारे हँडल घेऊ नका, भरवशाचे नसतात.)

परत कधी पडल्याच तर: पाय बाहेर वळलेला आणि आखूड दिसला तर ओढाताण न करता 108 ला फोन. पण थोडं चालता येतंय म्हणजे मोडलं नाही असं मुळीच नाही, काही फ्रॅक्चरमध्ये लोक लंगडत चालतात आणि आठवडाभर तेल चोळून मग येतात. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो 48 तासांत झालेलं बरं, नुसतं पडून राहिलं की बेडसोर, न्यूमोनिया, पायात गुठळी हे मागे लागतं.

कपाळाच्या टाक्यांबद्दल, म्हणजे डोक्याला मार लागलाय त्याबद्दल एक. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, एका बाजूला झोक जाणं, असं काही दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, मेंदूभोवती हळूहळू रक्त साठत असू शकतं.

घरात दोन वर्षांचा मुलगाही आहे हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण बर्न्सला, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात, मी या वयाची पोरं फार बघितलीत. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. कढत पाण्याची बादली ठेवून गार आणायला वळायचं नाही, पोर तेवढ्यात त्यात हात घालतं. भाजलंच तर नळाखाली 20 मिनिटं, टूथपेस्ट नको, बर्फ नको.

आईंना आजच विचारा, त्या दिवशी उठल्या तेव्हा दिवा लावला होता का आणि चक्कर आधी आली की पाय आधी सरकला. आणि गोळ्यांची नावं वेळेसकट इथे टाका, मग टाइल्सचं बघू.