'लवकर आलास' हा उपरोध आहे का?

प्रश्न असा होता: एका चित्रपटातल्या प्रसंगाबद्दल बोलताना कोणी 'उपरोध' म्हणालं, कोणी 'वक्रोक्ती', कोणी 'विरोधाभास', तर कोणी सरळ 'आयरनी'. यातला बरोबर शब्द कोणता? आणि बोलणाऱ्या पात्रालाच पत्ता नसताना त्याच्या वाक्यातून उलटा अर्थ निघतो, तेव्हा त्यालाही उपरोध म्हणायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही म्हणायचं. ते का, हे पाहिलं की पहिल्या प्रश्नाचा गुंता बराच सुटतो.

दोन शब्दांचा संवाद घ्या. मुलगा दारात उभा आहे, आई म्हणते, "लवकर आलास." तो सातला येणार होता आणि सहाला आला असेल, तर ही नुसती माहिती. बारा वर्षं त्याने तोंड दाखवलं नसेल, तर हाच उपरोध, आणि तोही चांगलाच झोंबणारा. आता तिसरी शक्यता. बारा वर्षं तो आलेला नाही, पण आईची स्मृती गेली आहे आणि तिच्या लेखी तो शाळेतून परत आलाय. ती मायेने म्हणते, "लवकर आलास." टोमणा मारायचं तिच्या मनातही नाही. तरी मुलाला तो बसतो, आणि प्रेक्षकाला दुसऱ्या प्रसंगापेक्षा जास्त लागतो.

शब्द तेच, क्रम तोच. बदललं ते एवढंच, की कोणाला काय माहीत आहे. माझ्या मते संवादातली आयरनी ओळखायची हीच एक कसोटी आहे: बोलणारा, ऐकणारा आणि वाचक किंवा प्रेक्षक या तिघांपैकी दुसरा अर्थ कोणाकोणाला कळलाय? बोलणाऱ्याला कळलाय आणि त्याने तो मुद्दाम पेरलाय, तर उपरोध. मराठी 'उपरोध'मध्ये हेतू गृहीतच असतो. नकळत कोणी उपरोधाने बोलत नाही. त्यामुळे तिसऱ्या प्रसंगाला तो शब्द लावला की आईवर नसलेला हेतू चिकटतो.

या तिसऱ्या जातीला समीक्षेत 'नाट्यगत उपरोध' म्हणतात. शब्द रुळलाय, पण मला तो फारसा पटत नाही, कारण त्यातही 'उपरोध' आहेच. जात मात्र जुनी आहे. ग्रीक नाटककार सोफोक्लिसचा राजा इडिपस आधीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो आणि म्हणतो, मी त्या राजासाठी असा लढेन की जणू तो माझाच बाप होता. ग्रीक प्रेक्षकाला कथा ठाऊक होती: तो खरंच त्याचा बाप होता आणि खुनीही हाच. इडिपसने दिली उपमा, प्रेक्षकाने ऐकली वस्तुस्थिती. बोलणारा प्रामाणिक आहे म्हणूनच वाक्य भयंकर होतं. इंग्रज अभ्यासक कॉनॉप थर्लवॉल यांनी १८३३ मध्ये सोफोक्लिसच्या आयरनीवर निबंध लिहिला आणि समीक्षेत हा अर्थ रुळू लागला. आपल्याकडे 'दैवदुर्विलास' आहे, पण तो घटनेला लागतो, वाक्याला नाही. इडिपसच्या आयुष्याला दैवदुर्विलास म्हणू, त्याच्या त्या वाक्याला नाही म्हणता येणार.

आता वक्रोक्ती. हा शब्द लोक फार सैल वापरतात, आणि त्याला कारणही आहे. नवव्या शतकातल्या रुद्रट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने वक्रोक्तीला एक लहानसा अलंकार मानलं: एकाने एका अर्थाने बोलावं आणि दुसऱ्याने ते मुद्दाम दुसऱ्याच अर्थाने घ्यावं. म्हणजे त्याच्या लेखी ही संवादातलीच गोष्ट. पुढे कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' लिहून याच शब्दाला सगळ्या काव्याचा प्राण करून टाकलं. त्यामुळे आज कोणी 'वक्रोक्ती' म्हणालं की रुद्रटाची की कुंतकाची, असं विचारावंसं वाटतं. (विचारू नये, लोक पुन्हा बोलत नाहीत.)

रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार केले, श्लेषाने होणारी आणि काकुने होणारी. काकु म्हणजे आवाजाचा हेल. नात्यातल्या काकूचा इथे संबंध नाही. या काकुपाशीच कागद आणि पडदा वेगळे होतात. नटाकडे हेल आहे, थांबणं आहे, डोळे आहेत. लेखकाकडे यातलं काही नाही, म्हणून हात आखडलेला लेखक "तो उपरोधाने म्हणाला" असं लिहून मोकळा होतो. तिथे संवाद मेला असं समजावं. वाचकाने जे ओळखायचं, तेच त्याला सांगून टाकलं.

खरं तर मराठीने हेलाचं काम व्याकरणावर सोपवायची भरपूर सोय करून ठेवलीय. 'तो शहाणा आहे' हे विधान झालं. क्रियापद पुढे आणा, 'मोठा' घाला: 'आला मोठा शहाणा!' कोणत्याही सुरात वाचा, कौतुक होणारच नाही. 'म्हणे' घ्या. 'त्याला बरं नाही' आणि 'त्याला म्हणे बरं नाही', दुसऱ्यात बोलणाऱ्याने स्वतःचा हात काढून घेतलाय. आणि सगळ्यात धारदार म्हणजे आदरार्थी रूप. एरवी 'अरे-तुरे' करणारी बायको एकदम "आपण जेवणार आहात का?" असं विचारते, तेव्हा त्या वाक्यात एकही वाकडा शब्द नसतो. वाकडा आहे तो फक्त 'आपण', आणि तोही आधीची पानं वाचलेल्यालाच कळतो. याउलट 'दिवे लावले', 'उजेड पाडला', 'मुक्ताफळं उधळली' यांतला उपरोध आता कोशातच जाऊन बसलाय. भांडणात ते ठीक. पण पात्राच्या तोंडी घातले की ओळखायला काही उरत नाही.

कागदावर आणखी एक युक्ती चालते, पुनरुक्तीची. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीला सीझरच्या प्रेतापुढे बोलायची परवानगी मिळते, पण मारेकऱ्यांना दोष द्यायचा नाही या अटीवर. तो अट पाळतो. ब्रूटस सन्माननीय माणूस आहे, एवढंच तो पुनःपुन्हा म्हणतो. पहिल्यांदा ते खरं वाटतं. दर वेळी मध्ये सीझरच्या चांगुलपणाची एखादी गोष्ट येते आणि तोच शब्द थोडा थोडा कुजत जातो, इतका की शेवटी जमावातलाच एक जण ओरडतो, कसले सन्माननीय, ते तर द्रोही! निंदा अँटनीने केलीच नाही, ती ऐकणाऱ्यांकडून करवून घेतली. आपल्या अलंकारशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतील: स्तुतीच्या मिषाने निंदा. 'व्याजोक्ती' मात्र वेगळी. डोळ्यांत पाणी आलं आणि कचरा गेला म्हणून सांगितलं, ती व्याजोक्ती. नावं जवळची असल्यामुळे या दोघींची सतत अदलाबदल होते.

सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र आपल्याच अंगणातलं आहे. 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: बाबा, आता बिनधास्त फिर, तुला भिववणारं ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या मत्त सिंहाने मारलं त्याला. त्या झाडीत ती प्रियकराला भेटते, आणि हा गृहस्थ तिथे फिरकून अडचण करतो. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात ही गाथा घेतली ती याचसाठी, की वाक्यात परवानगी आहे आणि अर्थात मनाई. पुढे महिमभट्टाने वाद घातला की यात ध्वनी, म्हणजे शब्दांपलीकडे सुचवलेला अर्थ, वगैरे काही नाही, हे नुसतं अनुमान आहे. वाद बाजूला ठेवा आणि कसोटी लावून पाहा. बाईला दोन्ही अर्थ माहीत आहेत. गृहस्थाला फक्त सिंह कळला. वाचकाला सिंह, झाडी आणि प्रियकर, सगळंच. हा उपरोध नव्हे, कारण ती त्याला टोचत नाही, कटवते आहे.

चित्रपटात चौथा जाणकार येतो, कॅमेरा. बोलपट नुकते येत असताना, १९२८ मध्ये, आयझेनस्टाइन, पुदोवकिन आणि अलेक्सांद्रोव या सोव्हिएत दिग्दर्शकांनी एक निवेदन काढलं होतं: आवाज चित्राला नुसता जुळवू नका, त्याच्या विरोधात वापरा. पात्र म्हणतं "सगळं छान चाललंय" आणि पडद्यावर रिकामी भांडी दिसतात. हे त्याचं अगदी बाळबोध रूप. बऱ्याचदा तेवढंही लागत नाही. वाक्य संपल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा दोन क्षण जास्त रेंगाळला तरी पुरे.

राहिला विरोधाभास. तो यात कुठेच बसत नाही. वरवर विसंगत वाटणारं, पण नीट पाहिल्यावर विसंगत नसलेलं विधान म्हणजे विरोधाभास. त्यात कोणाला काय माहीत आहे याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या चर्चेतला प्रसंग तिसऱ्या आईसारखा असेल, तर खुशाल 'आयरनी' म्हणा. दुसऱ्या आईसारखा असेल, तर 'उपरोध' हाच बरोबर शब्द.