मोठे राष्ट्रीय प्रश्न संसदेऐवजी सार्वमताने सोडवावेत का?

सरसकट नको, असं माझं ठाम मत आहे. संसदेत विधेयकाला दुरुस्त्या सुचवता येतात. सार्वमतात बहुधा फक्त हो किंवा नाही. ब्रिटनने २०१६ साली सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचं ठरवलं, पण सोडायचा म्हणजे नेमका कसा, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. संसद पुढे साडेतीन वर्षं त्यातच अडकली. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली स्त्रियांचा मताधिकार फेटाळला गेला, आणि मत देणारे सगळे पुरुष! तो हक्क मिळायला १९७१ उजाडलं. हे मला फार खुपतं.

आयर्लंडची रीत मात्र पटते. गर्भपातबंदीवर आधी सर्वसामान्यांतून निवडलेल्या ९९ नागरिकांनी तज्ज्ञांचं ऐकून शिफारशी केल्या, मग संसदीय समितीने त्या तपासल्या. नव्या कायद्याचा आराखडा लोकांपुढे ठेवूनच २०१८ मध्ये मतदान झालं.