पैसे लेखकाचे, मग पुस्तक कोणाचे?

प्रश्न : ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात केलेल्या नोकरीच्या आठवणी मी लिहून काढल्या आहेत. डेमी आकाराची सुमारे 160 पाने होतील. एका प्रकाशकाने ‘सहभाग तत्त्वावर’ 500 प्रती काढण्यासाठी 65,000 रुपये मागितले आहेत, त्यांत 3,000 रुपये आयएसबीएनचे (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाचे) आहेत. पुस्तकाची किंमत 250 रुपये राहील. शंभर प्रती मला मिळतील, उरलेल्या 400 प्रतींच्या विक्रीवर दहा टक्के मानधन मिळेल आणि कॉपीराइट प्रकाशकाकडे राहील, असे करारात आहे. मुलगा म्हणतो, स्वतःच छापा. वाशीच्या एका मुद्रकाने 300 प्रतींसाठी प्रतीला 85 रुपये सांगितले असून अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ यांसाठी आणखी 20,000 रुपये लागतील. नेहमीच्या प्रकाशकांकडे हस्तलिखित अद्याप पाठवलेले नाही. काय करावे?
— एक निवृत्त कामगार, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण या व्यवहारात शब्दांपेक्षा आकडेच अधिक खरे बोलतात. वाशीच्या मुद्रकाचाच दर धरला तरी 500 प्रतींच्या छपाईचे 42,500 रुपये होतात आणि त्यात इतर कामांचे 20,000 मिळवले की 62,500. प्रत्यक्षात प्रती वाढल्या की दर उतरतो, त्यामुळे खर्च याहून कमीच येईल. म्हणजे पुस्तकाचा सारा निर्मितिखर्च आपण भरणार आहात. प्रकाशकाचा ‘सहभाग’ नेमका कशात आहे, हे त्याला एकदा स्पष्ट विचारावे.

आता परतावा पाहू. आपल्या 100 प्रती पूर्ण किमतीला विकल्या गेल्या, तर 25,000 रुपये येतील. प्रकाशकाकडच्या 400 प्रतींपैकी एकही शिल्लक राहिली नाही, तर मानधनाचे 10,000. अशी सर्व प्रती खपण्याची वेळ मराठीत पहिल्या पुस्तकाच्या वाट्याला क्वचितच येते, पण ती आली तरीही आपण 30,000 रुपयांनी तोट्यात राहता. शिवाय खरोखर 500 प्रती छापल्या की 150, हे पडताळण्याची कोणतीही सोय आपल्या करारात दिसत नाही.

नेहमीचा प्रकाशक स्वतःची रक्कम गुंतवतो आणि ती विक्रीतूनच परत मिळवायची असते. म्हणून तो दहा हस्तलिखिते परत करतो, स्वीकारलेल्यावर संपादकाकडून काम करून घेतो, प्रकरणे मागेपुढे करायला लावतो, वितरकाच्या मागे लागतो, ग्रंथालयांच्या खरेदीवर डोळा ठेवतो. त्याच्याकडे लागणारा वेळ आणि मिळणारा नकार दोन्ही त्रासदायक असतात, मात्र त्यांचे मूळ त्याच्या गुंतवणुकीत आहे. ज्याचा नफा छपाईआधीच खिशात पडला, त्याला गोदामातील 400 प्रती हलवण्याची घाई कशाला असेल? तो अप्रामाणिक असेल असे मी म्हणत नाही. सचोटीचा माणूसही आधी त्या पुस्तकाकडे लक्ष देतो, ज्यात त्याचे पैसे अडकले आहेत.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. एखाद्या गावाचा इतिहास, घराण्याची वंशावळ, मोजक्या अभ्यासकांसाठीचे संशोधन अशी पुस्तके लेखकाच्या खर्चाने काढून देणारे काही प्रकाशक चोख काम करतात. ते संपादन व छपाईचे पैसे घेतात, सगळ्या प्रती लेखकाच्या स्वाधीन करतात आणि हक्कांना हात लावत नाहीत. असा व्यवहार म्हणजे रोख मोबदल्यात घेतलेली सेवा होय, त्यात गैर काही नाही. आपल्यापुढील प्रस्तावात मात्र पैसेही आपले आणि हक्कही गमवायचे, असा दुहेरी भुर्दंड आहे.

हक्कांच्या मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तो मिळवण्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही, लिहिले की तो आपलाच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाल्यास लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कोणाशीही करार करताना मुदत, आवृत्ती, भाषांतर आणि ई-बुक यांचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा. आयएसबीएनविषयी सांगायचे तर, दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यामुळे त्याचे 3,000 रुपये लावणाऱ्याच्या इतर आकड्यांकडेही जरा सावधपणे पाहावे.

मुलाने सुचवलेल्या मार्गात 300 प्रतींना 45,500 रुपये लागतील. समजा, 120 प्रती आपण स्वतः सवलतीने 200 रुपयांना दिल्या आणि 100 प्रती दुकानदाराने 40 टक्के कमिशन कापून विकल्या, तर अनुक्रमे 24,000 आणि 15,000 असे 39,000 रुपये येतात. साडेसहा हजारांची तूट राहते, पण 80 प्रती आणि सर्व हक्क आपल्या हातात असतात. अडचण वेगळीच आहे. दुकानदार प्रती बहुधा विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवून घेतात आणि वसुलीसाठी खेटे आपल्यालाच घालावे लागतात. हे ज्यांना जमत नाही, त्यांच्या घरी दिवाणात गठ्ठे तसेच पडून राहतात. आपल्या पुस्तकाला मात्र रबाळे, घणसोली, तुर्भे, कळवा या भागांतील जुने सहकारी आणि त्यांची मुले असा ओळखीचा वाचक आहे, आणि तो दुकानात येण्यापेक्षा निवृत्तांच्या मेळाव्यात भेटण्याची शक्यता अधिक. मुद्रितशोधनात काटकसर करू नये. आपणच प्रकाशक झालात की 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील विहित ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवण्याची जबाबदारीही आपली राहते.

तरीही छपाईला आताच जाऊ नये. 1893 पासून चालू असलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या घराजवळच आहे. तेथील आत्मचरित्रे व आठवणींच्या कपाटातील अलीकडची पुस्तके काढून कोणते प्रकाशक असे लेखन छापतात ते टिपून घ्यावे, आणि त्यांपैकी तीन-चार जणांना एक पानाचा सारांश, दोन प्रकरणे व पत्र पाठवावे. सहा महिने वाट पाहावी. होकार आला नाही तर मुलाचे ऐकावे. समोरच्या करारावर सही करू नये.

प्रश्न : माझा पहिला कवितासंग्रह तयार आहे. कवितेला प्रकाशक मिळत नाही, असे सगळे सांगतात. पैसे भरण्यावाचून पर्याय नाही का?
— एक शिक्षिका, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : सगळे सांगतात ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरी एक पर्याय आपण विसरता आहात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळाची जाहिरात आली की तिच्यातील अटींप्रमाणे हस्तलिखित पाठवावे. तोवर निवडक कविता नियतकालिके व दिवाळी अंकांकडे पाठवत राहाव्यात, कारण प्रसिद्ध झालेल्या कवितांची यादी संग्रहासोबत जोडली की संपादक ती चाळतोच. केवळ ई-बुक काढायचे असेल तर किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येते. त्यासाठी कोणी ‘पॅकेज’ विकत असेल तर घेऊ नये.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाला 40,000 रुपये दिले. सहा महिन्यांत कादंबरी देण्याचे लेखी कबूल केले होते, पण पुस्तक निघाले नाही आणि आता ते फोनही घेत नाहीत. हस्तलिखित दुसरीकडे देता येईल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : आधी करार वाचावा. हक्क दिलेल्या तारखेपासून एका वर्षात प्रकाशकाने ते वापरले नाहीत, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते हस्तांतर संपुष्टात आल्याचे मानले जाते. करारात याउलट काही लिहिलेले असेल तर मात्र हा लाभ मिळत नाही. तसे काही नसेल तर स्पीड पोस्टने (पोचपावतीसह) पत्र पाठवून हक्क परत आल्याचे कळवावे, त्याच पत्रात पंधरा दिवसांत रक्कम मागावी आणि मगच दुसऱ्या प्रकाशकाशी बोलावे.

पैसे आले नाहीत तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला जावे लागणार नाही, ठाणे जिल्हा आयोग पुरेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ‘हा व्यापारी व्यवहार आहे, लेखक ग्राहक नव्हे’ असा बचाव समोरून येऊ शकतो, म्हणून पैसे प्रकाशनसेवेसाठी दिल्याचे दाखवणारी पावती, बँकेची नोंद व संदेश जपून ठेवावेत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते. पुस्तक देण्याची कबूल तारीख उलटून वर्ष होत आले आहे, तेव्हा हे काम दिवाळीनंतर पाहू असे म्हणू नये.